सोळाव्या वर्षीची नोकरी आणि संध्याकाळचे सात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलांनी करायचे काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात घरोघरी निघतो आणि यंदा तो आपल्या वाचकांच्या पत्रांतूनही निघालेला दिसला. शिकता शिकता नोकरी करावी म्हणणाऱ्यांनी स्वावलंबनाचे दाखले दिले, करू नये म्हणणाऱ्यांनी बालमजुरीची आठवण करून दिली. मी ठाण्याच्या नौपाड्यात वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो आणि गेली बारा-तेरा वर्षे मे-जून व दिवाळी अशा दोन हंगामांत अकरावी-बारावीची दोन-तीन मुले-मुली कामाला ठेवतो. म्हणजे या प्रश्नात माझा स्वार्थ आहे. तो आधीच सांगितलेला बरा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने बाहेर काम करण्यात मला काही गैर वाटत नाही, मात्र ते काम संध्याकाळी सातला संपले पाहिजे आणि त्याची नोंद कुठल्या तरी वहीत असली पाहिजे. या दोन्ही अटी माझ्या पदरच्या नाहीत, कायद्याच्याच आहेत, आणि निदान माझ्या पाहण्यात तरी त्या फार थोडे लोक पाळतात.

बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कुठल्याही व्यवसायात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चौदा ते अठरा हे वय कायद्याने किशोर म्हणून वेगळे काढले असून त्या वयात खाणी, स्फोटके, धोकादायक कारखानदारी अशी कामे वर्ज्य आहेत. बाकीचे काम चालते. ते किती वेळ चालते, हे मात्र आपल्यापैकी फारसे कोणी वाचलेले नसते. सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती, ती विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा तास नाहीत, आठवड्याला एक पूर्ण सुटी, आणि एका दिवसात एकाच ठिकाणी नोकरी. मालकाने नोंदवही ठेवायची, तिच्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाच्या व विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे स्वरूप लिहायचे.

कायद्यात एक पळवाट आहे, तीही सांगतो. शाळेनंतर किंवा सुटीत, शिक्षणाला धक्का न लावता, घरच्या धंद्यात मदत करायला चौदा वर्षांखालील मुलालाही मुभा आहे, आणि कुटुंब म्हणजे कोण याच्या व्याख्येत आईवडील व भावंडांबरोबर काका, आत्या, मामा आणि मावशीही बसतात. त्यामुळे चहाच्या टपरीवर कप विसळणाऱ्या बारा वर्षांच्या पोराविषयी विचारले की तो हटकून मालकाचा भाचा निघतो. मी स्वतः वडिलांच्या दुकानात आठवीपासून बसलो, त्यामुळे या सवलतीविरुद्ध फार मोठ्याने बोलण्याचा मला अधिकार नाही; पण स्टेशनापासून जांभळी नाक्यापर्यंत इतके भाचे असतील, असे कायदा करणाऱ्यांना वाटले नसावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सहज मिळणारे काम म्हणजे लग्नसराईतले केटरिंग. आमच्या शेजारचा मुलगा अकरावीत असताना घोडबंदर रोडवरच्या सभागृहांत वाढपी म्हणून जायचा. पांढरा सदरा, काळी पँट आणि काळे बूट घरून न्यायचे, बो आणि हातमोजे तिथे मिळायचे. मुले नेणारा मुकादम त्यांना चार वाजता गोळा करी, पाहुणे आठनंतर येत. मधले चार तास टेबलांना कापड लावण्यात, प्लेटा पुसण्यात आणि नुसते उभे राहण्यात जात, त्याचे पैसे नाहीत. मोजणी बुफे उघडल्यापासून. शेवटची पंगत म्हणजे मुलांची, ती रात्री साडेबाराला, उरेल त्यावर. मग भांड्यांच्या टेम्पोत मागे बसून परत. सकाळी सातला कॉलेज. त्याच्या आईने मला सांगितले की तो पहिल्या तासाला बसल्या बसल्या झोपतो म्हणून वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. शेवटच्या तीन रात्रींचे पैसे त्याला अजून मिळालेले नाहीत, कारण मुकादमाचा फोन लागत नाही आणि केटरर म्हणतो, ही मुले माझी नव्हेतच. तेही एका अर्थी खरे. त्या मुलाचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते.

या एका उदाहरणात कायद्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मोडलेली आहे, आणि ती मोडणारे कोणी लांबचे कारखानदार नाहीत. ते लग्न आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरचे असते. हॉल ठरवताना आपण स्टार्टर किती, आइस्क्रीम कोणते, हे तासभर विचारतो. वाढायला कोण येणार, हे विचारल्याचे मला आठवत नाही, आणि माझ्या मुलीच्या लग्नात मीही विचारले नव्हते. दिवाळीत मोकळ्या मैदानांवर लागणाऱ्या फटाक्यांच्या स्टॉलवर बसणारी मुले, मोठ्या भावाच्या नावावर दुचाकीने पार्सले पोहोचवणारी मुले, ही याच माळेतली. फटाक्यांची विक्री अठरापर्यंत वर्ज्यच आहे, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे फार थोड्या बापांना माहीत असते.

याउलट कायद्यातल्या वेळा आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांना अगदी मापाने शिवल्यासारख्या बसतात. सकाळच्या सत्राची मुले साडेबाराला सुटतात. दीड ते सात हे साडेपाच तास. त्यात एक तास डबा खायला आणि पाय मोकळे करायला. माझ्या दुकानात हेच वेळापत्रक आहे. पावणेसातला मूल हिशोब लिहायला घेते आणि सात वाजता निघते, मग समोर कितीही गिऱ्हाईक असो. शाळा उघडण्याच्या आठवड्यात हे जड जाते, खोटे कशाला सांगू.

गेल्या जूनमध्ये वाणिज्य शाखेची, अकरावी पूर्ण केलेली एक मुलगी कामाला होती. पहिल्या संध्याकाळी गल्ला मोजताना बिलांपेक्षा एक हजार रुपये जास्त भरले. ती घाबरली, तीनदा मोजले, शेवटी रडवेली होऊन माझ्याकडे आली. सकाळी सुट्या पैशांसाठी मी हजार रुपये गल्ल्यात ठेवतो, हे मी तिला सांगायचे विसरलो होतो. ते कळल्यावर क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे प्रारंभिक शिल्लक!" पुस्तपालनाच्या तासाला ही ओळ ती वर्षभर लिहीत आली होती; ती ओळ म्हणजे रबर लावलेले दहा-दहाच्या नोटांचे बंडल असते, हे तिला त्या दिवशी दिसले. शिकवणे एकतर्फीही नव्हते. पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो दाखवून चालू लागणाऱ्या गिऱ्हाइकाला "काका, डबा बोलू दे" (म्हणजे पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे ते यंत्र) असे नम्रपणे सांगून थांबवायचे, हे मला एका सतरा वर्षांच्या मुलाने शिकवले.

चूक माझीही झालेली आहे. बारावीतला एक हुशार मुलगा दिवाळीनंतरही येतो म्हणाला. घरची ओढाताण मला माहीत होती, त्याचा हात दुकानात बसला होता, मी ठेवून घेतला. जानेवारीत त्याची हजेरी कमी पडली आणि परीक्षेला बसू देण्यासाठी त्याच्या वडिलांना कॉलेजात हातापाया पडावे लागले. तेव्हापासून बारावीच्या मुलाला मी दिवाळीनंतर ठेवत नाही.

या चर्चेत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चा दाखला हमखास येतो, आणि वाशीला त्यांच्या नावाचे महाविद्यालय असल्याने आपल्याकडे तो जरा अभिमानानेही येतो. परंतु त्यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत काम देणारा आणि शाळा चालवणारा एकच होता. तासाची घंटा झाली की कुदळ खाली ठेवायला लावणारे माणूस तिथेच उभे असे. केटररला ती घंटा ऐकू येत नाही. ती ऐकवणारे कोणी नेमल्याशिवाय कर्मवीरांचे नाव घेऊन मुलांना कामाला लावणे मला पटत नाही.

तितकेच मला सुखवस्तू पालकांचे "आपल्याला काय कमी आहे?" हेही पटत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी त्याला गल्ल्यावर नव्हे तर आत गोदामात ठेवा, अशी विनंती केली, कारण सोसायटीतले लोक वह्या घ्यायला येतात. त्याच सोसायटीत पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर चार घरची भांडी घासते. तिच्याविषयी कोणाला लाज वाटलेली मी ऐकली नाही, आणि तिच्या कामाला अर्धवेळ नोकरी असे नावही कोणी दिलेले नाही. तिचे तास कोण मोजणार, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण आपल्या मुलाच्या नोकरीवर वाद घालताना तिला बाहेर ठेवून चालणार नाही.

महाविद्यालयांनी काम करणाऱ्या सोळा वर्षांवरील मुलांची यादी ठेवावी आणि मालकाकडून वेळेचे पत्र घ्यावे. मालकांनी पगार रोख न देता मुलाच्या स्वतःच्या खात्यात भरावा, दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँकेत उघडता येतेच. आणि हॉलवाल्यांनी वाढप्यांची वयासह यादी मागितल्याशिवाय केटररला दार उघडू नये, एवढी माझी सूचना आहे. नोंदवही ठेवायची म्हणजे मोठे काम, अशी तक्रार माझे व्यापारी मित्र करतात. माझी वही साध्या शंभर पानी वहीत पट्टीने आखलेली आहे. पाच रकाने आहेत आणि शेवटच्या रकान्यात मूल रोज सही करते. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी दुकानात येऊन पानाचा फोटो काढून न्यावा. सातनंतर आलात तर मी एकटाच असेन, थोडे थांबावे लागेल.

आपला,
एक दुकानदार,
नौपाडा, ठाणे (प.)