आभार

परवा हिचं तेरावं झालं. रक्ताच्या कर्करोगाशी सात महिने झुंजली, तेही मुलीच्या दहावीच्या वर्षात. पिशवी आवरताना तिची वही सापडली. औषधांच्या वेळा, परीक्षेच्या तारखा, माझ्यासाठी ‘दूध तापवताना तिथंच उभं राहा’ (तरी काल उतू गेलंच), आणि शेवटच्या पानावर आभार मानायच्या माणसांची यादी. नावं नाहीत. तिलाही ती ठाऊक नव्हती.

पहिला, प्लेटलेट देणारा निळ्या शर्टातला मुलगा. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळं दाते सतत शोधावे लागत. हा हाताला मशीनची नळी लावून तास-दीड तास बसला आणि चहाही न घेता गेला. मग दादरच्या धर्मशाळेत तिच्यापुरता मऊ भात शिजवणाऱ्या मावशी. केस गेल्यावर रुमाल बांधायला शिकवणारी रात्रपाळीची सिस्टर.

तुम्हा सगळ्यांना माझा आणि मुलीचा नमस्कार.

शेवटी परळचा टॅक्सीवाला. त्याच्यापुढं तिनं लिहिलंय, ‘भाडं घेतलं नाही. घरी लहान मुलगा आहे म्हणाला. खाऊ द्यायचा राहिला.’

दादा, कुठं भेटाल? डबा भरून ठेवलाय.