नको म्हणणाऱ्या मिस्त्रीला

चाचा, सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरता. म्हणून हे जाहीर पत्र. मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तरी बसून ऐका. शिवाय नव्याने गाडी घेणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या कानावर तुमचं बोलणं पडलं तर बरंच.

गाडी दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात. पण गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना "हे करू नको गो" म्हणणारा मिस्त्री मला दुसरा भेटला नाही. तुमच्याकडच्या बिलांची माझी फाइल अगदी बारीक आहे. ज्या कामांचं बिल कधी झालंच नाही, त्यांचे हे आभार आहेत.

गाडी सेकंडहँड घ्यायची ठरली तेव्हा आधीच्या मालकाने स्टेपनीचं फार कौतुक केलं होतं. एकदाही वापरलेली नाही, नक्षी जशीच्या तशी. तुम्ही ती डिकीतून काढलीत, फिरवत फिरवत बाजूवरचा लांबट शिक्का शोधलात आणि शेवटच्या चार आकड्यांवरची धूळ अंगठ्याने पुसलीत: 1411. म्हणजे 2011 सालचा चौदावा आठवडा. मग बाजूचं रबर दाबून वाकवलंत, तेव्हा त्यात बारीक बारीक भेगा उघडल्या. "नक्षी पोराची, रबर आजोबांचं," म्हणालात. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तोवर टायरला जन्मतारीख असते हेच मला ठाऊक नव्हतं. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की 1.6 मिलिमीटरच नक्षी उरली, म्हणजे टायर संपला, हेही तेव्हाच कळलं.

पुढे दोनच नवे टायर घेण्याइतके पैसे होते. इंजिन पुढच्या चाकांना ताकद देतं, म्हणून नवे टायर पुढे, असं सगळेच सांगत होते. टायरवाल्याने पुढची चाकं खोललीसुद्धा. तुम्ही तिथे फोन करून नवी जोडी मागे टाकायला लावलीत. कारण विचारलं तर म्हणालात, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, स्टिअरिंग हलकं पडल्याचं हाताला कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कोकणातल्या पावसात हे एवढं एक वाक्य चार टायरांच्या किमतीचं आहे. हवेचंही तसंच. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि हवा भरायची ती टायर थंड असताना. आता पंपावरचा पोरगा "किती मारू?" विचारतो तेव्हा मी आकडा सांगते. स्टेपनीची हवा बघायला सांगितली की तो अजून चमकतो.

माहेर कराडला, म्हणजे कुंभार्ली घाट चुकत नाही. पहिल्या खेपेला तुम्ही हेळवाकपर्यंत शेजारी बसून आलात आणि परतताना उतारावर मला शिकवलंत. ज्या गिअरमध्ये घाट चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी इंजिनने धरून ठेवायची, ब्रेक मारायचा तो नेटाने, वेग पडला की पाय उचलायचा. सबंध उतारभर पाय पेडलवर टेकवून ठेवला की पॅड आणि डिस्क तापत जातात, वास सुटतो, आणि मग नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. त्याच घाटात एक गाडी न्यूट्रलवर आवाज न करता आमच्या पुढून गेली, तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. तुमचं म्हणणं होतं की पेट्रोल वाचतं ही समजूतच खोटी. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल आपोआप बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. आणि चावीच बंद केली तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एकदोन दाबांत संपतो, पेडल दगड होतं. चावी काढली तर स्टिअरिंगही लॉक होतं.

अरुंद जागी समोरून ट्रक आला तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम पुस्तकातही आहे, पण पाळतात एसटीचे जुने ड्रायव्हर आणि तुम्ही. धुक्यात चारही इंडिकेटर लावून पळणाऱ्यांवर तर तुमचा खास राग. तो आता मलाही येतो. मागच्याला कळतच नाही, गाडी उभी आहे की चालतेय, की वळणार आहे.

आता 2021 सालच्या पुराचं. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पाणी उतरल्यावर पार्किंगमध्ये माझी गाडी सापडली ती सीटपर्यंत चिखलात. तुमचं स्वतःचं गॅरेज बुडालं होतं, कॉम्प्रेसर गेला होता, हत्यारांच्या पेट्या गाळाने भरल्या होत्या. अशा वेळी तुम्ही काय करत होतात? गुडघाभर चिखलातून गल्ल्यागल्ल्यांत फिरून लोकांना ओरडून सांगत होतात: "चावी लावू नका! सेल मारू नका!"

माझ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर तुम्ही आल्या आल्या काढलीत. शेजाऱ्यांनी तोवर त्यांच्या गाडीला सेल मारला होता. एक टक्क आवाज आला आणि संपलं. तुम्ही नंतर मला त्यांच्या इंजिनातला वाकलेला रॉड हातात दिलात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो आणि मधला रॉड वाकतो. इन्शुरन्सचंही तिथेच अडतं. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं, पण पाण्यानंतर गाडी चालू करायला जाऊन इंजिन गेलं, तर ते वेगळ्या इंजिन-कव्हरशिवाय बहुधा मिळत नाही. सेल मारण्याआधी दोन मिनिटं थांबायला सांगणारा माणूस गल्लीत असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

नंतरचं काम मी उकिडवी बसून पाहिलं. डिपस्टिक बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं होतं. ड्रेन नट काढल्यावर आधी पाणी आलं, मग ते चहाचं ऑइल. एअर फिल्टरचा लगदा झाला होता. चारही प्लग काढून तुम्ही इंजिन पान्याने हाताने फिरवलंत आणि प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी उडालं, माझ्या ओढणीवरही. नवं ऑइल, नवा फिल्टर, थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा ते ऑइल काढून दुसरं. मागच्या ब्रेकच्या ड्रममधून मूठभर गाळ निघाला. सीट आणि कार्पेट काढून आम्ही गच्चीवर वाळत टाकले, पण जुलैतलं ऊन ते कसलं, वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

आणि एवढं सगळं केल्यावर तुम्ही हात पुसून म्हणालात, "आता पुढचं माझं नाही. पिवळ्या वायरीला मी हात लावत नाही." पिवळी म्हणजे एअरबॅगची. ती तपासायला गाडी टो करून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवा, असं तुम्ही कागदावर लिहून दिलंत. डोक्यावर एवढं नुकसान असताना, जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगायला छाती लागते. मला यातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते हे.

बाकीचे नकार बारीकसारीक आहेत, पण विसरलेले नाहीत. शहरातल्या एका वर्कशॉपने सर्व्हिसिंगचं लांबलचक एस्टिमेट दिलं होतं. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीची फवारणी आणि कसलंसं कोटिंग. तुम्ही कंपनीचं मॅन्युअल मागवलंत. डॅशबोर्डच्या कप्प्यात ते प्लॅस्टिकमध्येच पडून होतं. त्यातला किलोमीटरचा तक्ता काढून एस्टिमेटशेजारी ठेवलात आणि त्यात नसलेल्या ओळींवर काट मारलीत. एका ओळीभोवती मात्र उलट गोल केलात, जी त्या वर्कशॉपने "ऑप्शनल" म्हणून लिहिली होती: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. कोटिंगवर पैसे घालवून ब्रेक ऑइल टाळणाऱ्यांचं काय करावं, ते तुम्हीच जाणे.

रात्री दिसत नाही म्हणून मी मोठे बल्ब मागितले होते. मूळचा बल्ब 60/55 वॉटचा, मला हवा होता 100/90 चा. नको म्हणालात. होल्डर वितळतो, वायरिंग तापतं आणि समोरचा आंधळा होतो. त्याऐवजी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत खाली-वर करून बसवलात, पिवळी पडलेली काच घासून दिलीत, आणि समोरची काच आतूनही पुसत जा म्हणालात. उजेड तेवढाच, पण रस्ता दिसायला लागला. काच आतून पुसायची असते हे इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

सीटबेल्टची टिंगटिंग बंद करणारी ती पत्र्याची क्लिप आमच्याकडे कोणीतरी भेट म्हणून दिली होती. ती तुम्ही माझ्यासमोर पक्कडीने वाकवून भंगारात टाकलीत. 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा काढून टाकायला लावल्या, तेव्हा मला तुमची पक्कड आठवली. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करते, बेल्टशिवाय ती वाचवण्याऐवजी इजा करू शकते, हे मी आता मागच्या सीटवर बसणाऱ्या पाहुण्यांना ऐकवते. आमच्या सासूबाईही आता बेल्ट लावतात, कुरकुरत का होईना.

ब्रेक ऑइलची दोन वर्षं होत आली आहेत, तेव्हा गणपतीआधी येते. सोबत माझा आतेभाऊ असेल. त्याने नवी गाडी घेतलीय आणि तिला पुढून लोखंडी बंपर गार्ड बसवायचाय. असे गार्ड केंद्र सरकारने 2017 पासून बेकायदा म्हटलेत आणि धडक बसली तर एअरबॅगच्या सेन्सरला ते नडतात, हे मी त्याला सांगून पाहिलं. माझं ऐकत नाही. तुमच्याकडून एक नको त्यालाही ऐकवा.

तुमची,
कराडवाली बाय