पुलाची ‘पाहणी’ आणि पाव किलोची हातोडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या अंकात एक ठरावीक छायाचित्र येतं. पुलाच्या कठड्याशी चार-पाच अधिकारी उभे, एकाचं बोट नदीकडे, आणि खाली ओळ : ‘जुन्या पुलाची पाहणी करताना’. मी रेल्वेत 34 वर्षं पुलांच्या कामावर होतो, त्यातली शेवटची 11 ब्रिज इन्स्पेक्टर म्हणून. माझी तक्रार अधिकाऱ्यांबद्दल नाही, त्या जागेबद्दल आहे. लोखंडी पुलाचं जे काही बिघडतं ते कठड्यावरून दिसतच नाही. ते खाली असतं, सांध्यात आणि बेअरिंगपाशी, म्हणजे पूल खांबावर टेकतो तिथल्या आधारापाशी, जिथे घरटी, माती आणि एखादं पिंपळाचं रोप असतं.

आमचे खलाशी, म्हणजे पुलावरचे कामगार, रिव्हेट (लोखंडी प्लेटा जोडणारी, दोन्हीकडे डोकं असलेली खीळ) कसे बघायचे ते सांगतो. डाव्या हाताचं बोट रिव्हेटच्या डोक्याला आणि प्लेटला एकदमच टेकवायचं, उजव्या हाताने दुसऱ्या अंगाने हलकी हातोडी मारायची. पाव किलोचीसुद्धा नसेल ती. घट्ट रिव्हेट गप्प राहतो. सैल असला तर बोटाखाली हललेला कळतो. मग त्याला पांढऱ्या रंगाचा गोल, आणि रजिस्टरात स्पॅनचा (दोन खांबांमधल्या गाळ्याचा) नंबर, गर्डर (लोखंडी तुळई), सांधा, तारीख. गंजाचं त्याहून फसवं असतं. गंजलेली प्लेट फुगते, म्हणून आतून झिजलेली असूनही बाहेरून जाड दिसते. पापुद्रे खरवडून काढल्याशिवाय आणि उरलेलं लोखंड कॅलिपरने मोजल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. बेअरिंगला तीन वर्षांतून एकदा तेल-ग्रीस. ती जाम झाली की उन्हात वाढलेल्या गर्डरला सरकायला जागा उरत नाही, आणि तो ताण मग भलतीकडे जातो.

हे सगळं करूनही माणूस चुकतो, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

माझी मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. 2010 च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा मॉल आणि तळी दोन दिवसांत उरकली आणि जावयाला घेऊन मिसिसिपी नदीवरचा आय-35 डब्ल्यू हा महामार्गाचा पूल बघायला गेलो. आताचा पूल काँक्रीटचा आहे, सप्टेंबर 2008 मध्ये सुरू झालेला. त्याच जागी नोव्हेंबर 1967 मध्ये खुला झालेला पोलादी पूल होता. 1 ऑगस्ट 2007 रोजी, संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर, ऐन गर्दीत तो काही सेकंदांत नदीत गेला. 13 माणसं मेली, 145 जखमी झाली. जावयाने चौकशीचा अहवाल छापून दिला. परतीच्या विमानात सगळे झोपले होते, मी तो वाचत होतो.

हा पूल दुर्लक्षित नव्हता. 1991 पासून कागदोपत्री ‘सदोष’ या वर्गात होता आणि दरवर्षी तपासला जात होता. तपासणारे प्रशिक्षित होते, क्रेनच्या पाळण्यातून खाली जाऊन हाताच्या अंतरावरून बघत होते. तडे शोधत होते, गंज शोधत होते, आणि जे सापडलं ते लिहीतही होते. पूल पडला तो यातल्या कशानेच नाही. पडला तो गसेट प्लेटमुळे. सांध्याशी चार-पाच मेंबर, म्हणजे पुलाच्या सांगाड्याचे दांडे, एकत्र येतात, त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवते ती गसेट. काही महत्त्वाच्या सांध्यांवर ती अर्धा इंच जाडीची होती, हवी होती जवळपास दुप्पट. चूक साठच्या दशकातल्या हिशेबातली. नंतर पुलाची ताकद मोजताना गसेट कोणी मोजलीच नाही, कारण सांधा मेंबरपेक्षा मजबूत असणारच असं सगळे धरून चालले होते. 1999 आणि 2003 च्या छायाचित्रांत त्या गसेट वाकलेल्या दिसतात. फोटो होते, बघणारेही होते. प्लेट वाकली आहे याचा अर्थ काय, हे विचारणारा कोणी नव्हता.

मी स्वतःला विचारलं, चौतीस वर्षांत आपण गसेटला सरळपट्टी किती वेळा लावली? दोनदा, फार तर तीनदा. रिव्हेट मात्र हजारोंनी ठोकले.

त्या अहवालातली दुसरी गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक पुलाला लागू आहे. 1977 मध्ये त्या पुलावर काँक्रीटचा जादा थर आला, 1998 मध्ये दुभाजक आणि कठडे जड झाले. पडला त्या दिवशी वर पृष्ठभागाचं काम चालू होतं. वाळू, खडी, पाण्याचे टँकर मिळून अडीचशे टनांहून जास्त वजन त्याच कमजोर सांध्यांच्या आसपास उभं होतं. आता आपल्याकडे या. कुठल्याही जुन्या पुलावर पदपथाच्या कडेची उंची बघा. पूर्वी वीतभर असायची, आता चार बोटं उरली आहे, कुठे डांबर कडेला टेकलं आहे. दर दोन-तीन वर्षांनी जुना थर न खरवडता नवा अंथरला की तेवढं वजन पुलाला कायमचं मिळतं. शेजारून पाण्याची लाईन जाते, केबल जातात. गाडी पाच मिनिटांत पुलावरून उतरते, डांबर उतरत नाही.

रेल्वेकडे सगळं चोख असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. 3 जुलै 2018 रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ थेट रुळांवर कोसळला. चौकशीत गंजलेले ब्रॅकेट आणि पदपथावर साचत गेलेलं वजन, दोन्ही निघालं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो वाद : पूल रेल्वेचा की महापालिकेचा. महाडचा सावित्रीवरचा पूल दगडी कमानींचा होता, त्याची गोष्ट वेगळी. तरी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो वाहून गेला तेव्हा त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो तपासून सुरक्षित ठरवलेला होता, हे आपण विसरलो. आणि आमच्या तळेगावजवळ कुंडमळ्याला 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चौघांचा जीव गेला. तिथे धोक्याची पाटी होती. पाटी लावून खातं मोकळं झालं, रविवारची गर्दी आली, पाटी बिचारी उभीच राहिली.

म्हणून तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. ‘स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश’ ही बातमी छापताना पुढचे प्रश्नही छापा. खाली कोण उतरलं? किती स्पॅन हाताने तपासले? प्लेटची जाडी मोजली का, आणि मूळ ड्रॉइंगवरच्या जाडीशी ताडली का? मूळ ड्रॉइंग सापडलं का, हे तर आधी विचारा. पूल बांधल्यापासून वर किती थर चढले, आणि ते धरून हिशेब पुन्हा केला का? पूल बंद करायची सही कोणाची? रेल्वेत साधा सब-इन्स्पेक्टरसुद्धा शंका आली तर गाडीला वेग कमी करायला लावू शकतो आणि त्यासाठी त्याला मंत्रालयात जावं लागत नाही. रस्त्याच्या पुलावर हा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे मी गेल्या वर्षी एका कार्यालयात विचारायला गेलो. मला तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी चहा पाजला.

आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या लोखंडी पुलाखालून मी रोज सकाळी फिरायला जातो. दुसऱ्या स्पॅनच्या एका सांध्याखाली तांबूस ओघळ आलेला आहे, मागच्या दिवाळीला नव्हता. तो नुसता रंगाचा असेल, सैल रिव्हेटचा असेल किंवा त्याहून वाईट. खालून उभं राहून सांगता येत नाही. ज्या खात्याचा तो पूल असेल त्यांनी एक शिडी आणावी. हातोडी माझी मी घेऊन येतो. गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा शिडी धरायला एक माणूस मात्र लागेल.

आपला,
एक निवृत्त ब्रिज इन्स्पेक्टर,
तळेगाव दाभाडे