पत्ता नसलेलं पत्र: आंब्याच्या पिकअपवाल्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

टपाल खात्यात मी 33 वर्षं काढली. 'मारुतीच्या देवळामागे, निळं दार' एवढ्याशा पत्त्यावर पोचलेली पाकिटं पाहिली आणि अख्खा पत्ता असून परत फिरलेलीही पाहिली. पण नाव नाही, गाव नाही, पिन नाही, असं पत्र स्वतः लिहायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या डोक्यातून. एकाच नावाची दहा गावं असली तरी पत्र बरोबर दारात पडावं म्हणून. भोर-महाड रस्त्यावरच्या वरंध घाटात तुम्ही माझ्या बंद पडलेल्या गाडीपाशी थांबलात, ते वळणसुद्धा कुठल्यातरी पिनमध्ये बसत असणारच. तुम्ही मात्र बसत नाही. भोर 412206 मध्ये विचारून झालं, मार्केट यार्ड 411037 मध्ये दोन रविवार घालवून झाले. तेव्हा हे उघडं कार्ड समजा. पोचेपर्यंत वाटेत कुणीही वाचलं तरी चालेल.

ओळख पटावी म्हणून सांगते. जूनचा पहिला आठवडा, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, वाघजाईच्या देवळापाशी असलेल्या टपऱ्यांच्या अलीकडं भोरच्या बाजूला, पांढरी ओम्नी, आणि तिच्याशेजारी छत्री उलटी झालेली एक बाई. ती मी.

ही ओम्नी म्हणजे माझं घर. म्हणजे कोथरूडला फ्लॅट आहे, पण तो भाड्यानं दिलाय आणि त्या भाड्यावर पेट्रोल निघतं. ह्यांनी 2009 साली घेतलेली गाडी, 796 सीसीची, तीन सिलिंडरची. हे गेले, मी निवृत्त झाले, आणि गाडी नुसती धूळ खात उभी राहायला लागली. विकायला काढली होती. गिऱ्हाईक बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मागं आडवी होऊन पाहिलं तर पाय पुरले. पाच फूट एक इंच उंची आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली. गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं. आता मागं फळी, फळीवर गादी, खाली पाण्याचा वीस लिटरचा कॅन, एक छोटी शेगडी, दोन पातेली, आणि उतारावर गाडी सपाट राहावी म्हणून चाकाखाली घालायला चार विटा. काच बोटभर उघडी ठेवली नाही तर पहाटे छतातून आपल्याच श्वासाचं पाणी ठिबकतं, हे पहिल्याच आठवड्यात शिकले. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हा कात्रण काढून ठेवलं होतं. त्यातल्या कॅराव्हॅनला शौचालय वगैरे असतं. माझ्याकडं पेट्रोल पंप आहेत.

आणि नियम एकच. फाटा दिसला आणि मन झालं की वळायचं. त्या दिवशी निघाले होते सासवडला मैत्रिणीकडं पापड द्यायला. तिथून नारायणपूर, तिथून कापूरहोळ. कापूरहोळला हायवेवर उजवीकडं वळलं की पुणं. मी सरळ पलीकडं भोरच्या रस्त्याला लागले आणि मुक्कामाला पोचले शिवथरघळीत. समर्थांनी जिथं दासबोध सांगितला म्हणतात, तिथं मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसती बसले होते. पापड गाडीतच. मैत्रीण अजून बोलत नाही.

परतताना घाटात पाऊस आला. चढाला दुसरा गिअर टाकायला क्लच दाबला, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

इथं थोडं मागं जाते, कारण हा राग गिळला तर पत्र खोटं होईल. निघायच्या आठ दिवस आधी पुण्यातल्या एका झकपक सर्व्हिस सेंटरला मी सांगितलं होतं की क्लच जड लागतोय. गळ्यात बिल्ला घातलेल्या मुलानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, गाडी ठीक आहे, वयानं पायातला जोर कमी होतो." गाडी धुतली, आत मोगऱ्याचा वास मारला, पायात घालायचा कागद घातला आणि बिल दिलं. केबलला हात लावला नाही. गाडीचा यात काही दोष नाही, ती बिचारी महिनाभर सांगत होती.

घाटात रेंज एक काडी यायची, जायची. पैसे भरून घेतलेल्या मदतीच्या नंबरावर लागला एकदाचा फोन. "मॅडम, लोकेशन शेअर करा." अहो, नेट असतं तर. "मग लँडमार्क सांगा." म्हटलं, डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी, मध्ये मी. फोन कटला. तो कुणी कापला हे मला माहीत आहे.

मग एक मोठी गाडी थांबली. काच दोन बोटं खाली आली, आतून एसीची गार हवा आणि एका गृहस्थांचा आवाज. "एकट्याच? मिस्टर कुठायत?" सांगितलं, वारले. "मग या वयात, असल्या खटाऱ्यात, कशाला पण?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "चला हो, उशीर होतोय." काच वर गेली. गाडीच्या मागं 'अतिथी देवो भव' लिहिलेलं होतं, हे मी रचून सांगत नाही.

त्यानंतर तुम्ही.

खरं तर तुम्हाला सगळ्यात जास्त उशीर होत होता. महाडकडून येणारा पिकअप, ताडपत्रीखाली हंगामातल्या शेवटच्या आंब्याच्या पेट्या, आणि पहाटे मार्केट यार्डात गाळ्यावर पोचायचं. पाऊस लागलेला आंबा किती वेळ तग धरतो हे मला कळतं. तुम्ही उतरलात, पेडल हातानं हलवून पाहिलंत आणि म्हणालात, "केबल गेली, मावशी. पाना-पक्कड हाय का?"

म्हटलं, मागं आहे, गादीखालच्या पेटीत.

तुम्ही सरकता दरवाजा उघडलात. आत टॉर्च मारलात. घडी केलेली गोधडी, खिळ्याला टांगलेली पिशवी, डॅशबोर्डवरून हलवून मागं ठेवलेला बाळकृष्ण, शेगडीपाशी पालथं घातलेलं पातेलं. एक क्षण थांबलात. आणि पायातल्या चपला काढल्यात.

रस्त्यावरून पाण्याचे लोट चाललेले, पायाला पिंढरीपर्यंत चिखल, कपडे अंगाला चिकटलेले. चपला काढून काय फरक पडणार होता? चिखल तर पायालाच होता. तोही तुम्ही उंबरठ्यावर पुसलात. ओम्नीला उंबरठा कुठला, दाराची पन्हळ ती. पण तुम्ही पाय तिच्यावर असा पुसलात की ती उंबरठाच झाली. काही बोलला नाहीत. बहुधा तुमच्या लक्षातही आलं नसेल. कुणाच्याही घरात शिरताना माणूस करतो तेच केलंत.

दादा, मला तेव्हा रडू आलं. पावसात ते कळलं नाही, बरं झालं.

कारण दोन वर्षं मी हेच सांगत फिरतेय की हे घर आहे. पंपावरच्या पोऱ्याला, रात्री काचेवर काठी वाजवणाऱ्या हवालदाराला, माझ्या मुलाला. आमच्या सोसायटीनं तर एकदा पत्र दिलं, की पार्किंगमध्ये 'निवासी वापर' करता येणार नाही. माझ्याच जागेत, माझ्याच गाडीत, एक रात्र झोपले होते म्हणून! त्या पत्रावर सही करणारे चेअरमन रोज सकाळी जिन्यात हात जोडून नमस्कार करायचे. सगळ्यांना मी कागदपत्रं दाखवत होते, समजावत होते, कधी भांडत होते. तुम्हाला मी काहीही सांगितलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. केबल गिअरबॉक्सच्या बाजूला तुटली होती, तिथं अंधारात काही होण्यासारखं नव्हतं. तुम्ही बाहेर आलात तर एकच चप्पल जागेवर. दुसरी कडेच्या पाण्याबरोबर गेली होती. मी हळहळले तर तुम्ही हसून म्हणालात, "गेली नीरामाईला." शिरगावची नीरा ती, तिथंच कुठंतरी उगम पावते आणि खाली देवघरच्या धरणात जाते, म्हणजे तुमचं म्हणणं भूगोलाला धरून होतं.

आणि मग तुम्ही मला बिनक्लचची गाडी शिकवलीत. 'शिकवलीत' हाच शब्द. माझ्या सीटवर बसून गाडी खाली नेऊन देतो म्हणाला नाहीत. तुमचा पिकअप कोण नेणार होतं, हेही आहेच. पण "मावशी, तुमचीच गाडी, तुम्हीच न्या," असं म्हणालात ते मी ऐकलं. इंजिन बंद. पहिला टाका. आता चावी मारा. "उडी मारंल गाडी, घाबरायचं नाय." स्टार्टरवर गाडीनं बेडकासारखी उडी मारली, इंजिन धरलं आणि आम्ही चालू. दुसरा टाकताना ॲक्सिलरेटर सोडायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, आणि आवाज उतरला की अलगद. "जोर नाय लावायचा. गाडीच सांगती, आता टाक म्हणून." पहिल्या दोन वेळा करकचून आवाज झाला. तिसऱ्या वेळी गेला, लोण्यात सुरी जावी तसा. सत्तावीस वर्षं गाडी चालवते, गाडीचं ऐकायचं असतं हे त्या दिवशी कळलं. त्या बिल्लेवाल्या पोराला सांगा कुणीतरी.

पुढं तुम्ही, मागं मी. दोन्ही इंडिकेटर चालू ठेवून वळणाच्या आधीच तुम्ही ब्रेकचा दिवा दोनदा दाखवायचात. हिरडोशीच्या अलीकडं रस्त्यात म्हशी होत्या, त्या तुम्ही लांबूनच हॉर्न देऊन हटवल्यात, कारण मी थांबले असते तर पुन्हा ती बेडूकउडी. धरणाकाठचा तो सगळा रस्ता मी तुमच्या मागच्या 'वाघजाई प्रसन्न'वर डोळे लावून काढला. आत आंब्यांचा वास येत होता की मला भास होत होता, देव जाणे.

भोरला एसटी स्टँडपाशी उजेड आला. तुम्ही खिडकीतून हात काढून जागा दाखवलीत, इथं लावा म्हणून. आणि थांबला नाहीत. हॉर्न दोनदा, आणि गेलात. मी न्यूट्रल करून, ब्रेक दाबून, चावी काढून, दार उघडून बाहेर येईपर्यंत तुमचा लाल दिवासुद्धा दिसेना. म्हणजे तुम्हाला 'थँक यू' म्हणायचं राहिलं ते राहिलंच. इतकी मदत झाली आणि तोंडातून शब्द नाही, ही बोच तीन आठवडे झाले तरी जात नाही.

'वाघजाई प्रसन्न' हा काही पत्ता होत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. केबल बदलून होईपर्यंत भोरच्या नाक्यावर मी चार पिकअप मोजले, चारही वाघजाईचे.

हल्ली आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, माणुसकी उरली नाही. मी बारकाईनं बघतेय. हे बहुतेक काच दोन बोटं खाली करणारेच म्हणतात. कट्ट्यावरच्यांना वाटतं मी रस्त्यावर राहते म्हणजे रोज संकटात. तसं नसतं हो. गेल्या दोन वर्षांत मला निर्जन जागी त्रास झाला नाही, झाला तो गेट असलेल्या ठिकाणी. देवळाच्या ओट्यावर जागा मिळाली, ढाब्यावर "ताई, लाइटीखाली लावा" असं न विचारता सांगितलं गेलं, कुणीतरी पहाटे बोनेटवर दुधाची पिशवी ठेवून गेलं. यातल्या कुणालाही मी पत्र लिहिलं नाही, हे आता लिहिता लिहिता ध्यानात येतंय. त्यांच्याही नावचं हेच समजा, त्यांच्या वाट्याला तेवढीच एक ओळ आली तरी.

मार्केट यार्डात दुसऱ्या रविवारी एका हमालमामांनी विचारलं, कुणाला शोधताय. सांगितलं. म्हणाले, "आंबा संपला, बाई. तो आता लावणीला गेला असंल गावाकडं. दिवाळीनंतर बघा." तर दिवाळीनंतर बघणारच आहे. पण तोवर एक काम अडलंय, त्यासाठी खरं तर हे पत्र.

तुमची उरलेली चप्पल माझ्याकडं आहे. घाईत तुम्ही ती दाराच्या आत, कोपऱ्यात नीट ठेवलीत आणि अनवाणीच पिकअपमध्ये चढलात. भोरला स्टँडवर दिवा लावला तेव्हा दिसली. उजव्या पायाची, काळी, अंगठा तारेनं शिवलेला. धुऊन, वाळवून पोत्यात ठेवलीय. नवा जोड घ्यायचा म्हणून लक्ष्मी रोडला गेले होते, पण तळाचा नंबर पार झिजलाय. दुकानदार भिंगातून बघून म्हणाला आठ, त्याचा नोकर म्हणाला नऊ.

आठ की नऊ, तेवढं कळवा.

आपली,
ओम्नीवाली मावशी
मुक्काम: सध्या पुणे, पर्वतीच्या पायथ्याशी, उद्याचं माहीत नाही