काकूंची वाटी

चि. बाळास,
प्रभू येशूच्या नावानं आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला, पण दोघंही पावसापाण्याचंच बोललो. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढला असता.

त्या दिवशी शेजारच्या काकू मोदकांची वाटी घेऊन आल्या. तू दारातच म्हणालास, "मूर्तीला दाखवलेलं आम्ही खात नाही, शास्त्रात मनाई आहे." आवाज जिन्यापर्यंत गेला. काकूंनी वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली, पदर सारखा केला आणि गेल्या. तू खोलीत जाऊन मोबाइल उघडलास. तुझ्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखं काहीतरी होतं, ते मला जास्त लागलं.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. आपण इथे राहायला आलो त्या वर्षी काकूंच्या सासूबाई असाच नैवेद्य घेऊन आल्या होत्या. तुझ्या आजीनं त्यांना आत बोलावलं, बसायला पाट दिला आणि हात जोडून म्हणाली, "वहिनी, तुमच्या हातचं मला हवंय. पण देवापुढे ठेवलेलं मी घेत नाही, माझा प्रभू एकच. रागावू नका." सासूबाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अहो, मग आधीच काढून ठेवते की!" तेव्हापासून त्या घरात एकवीस मोदक नैवेद्याचे, आणि त्याआधी पाच आपले, वेगळ्या डब्यात. सासूबाई गेल्या, आजी गेली, काकूंनी रीत मोडली नाही. त्या वाटीत तेच पाच मोदक होते. तू विचारलंही नाहीस. तुझ्या आईनं आणि मी ते खाल्ले, पण घशाखाली उतरेनात.

तू वचन काढलंस म्हणून मीही काढतो. पौलानं करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं बायबलमधलं पहिलं पत्र पुन्हा वाच, आठव्या अध्यायापासून. करिंथच्या बाजारात देवळातल्या बळीचं मांस विकायला यायचं, म्हणजे हा प्रश्न त्या मंडळीला सणावारापुरता नव्हता, रोजच्या ताटातला होता. पौल उत्तराची सुरुवात कुठून करतो बघ. मूर्तीवरून नाही, मांसावरूनही नाही. ज्ञान माणसाला फुगवतं आणि प्रीती उभारणी करते, इथून. आणि तो ढिलाही सोडत नाही. दहाव्यात स्पष्ट सांगतो की प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत. त्याच अध्यायात पुढे म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर मात्र खाऊ नका, ते सांगणाऱ्यासाठी. तुला कोणी काही सांगितलं नव्हतं रे.

आजीला मी कधी नैवेद्य खाताना पाहिलं नाही. सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा ती दुपारभर प्रभूविषयी बोलत बसली होती, एक अक्षर गाळलं नाही. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण त्यांचे यजमान आजारी पडले तेव्हा रात्री अकराला आपलं दार वाजलं, "प्रार्थना करता का?" म्हणून. आपलं दार वाजवावंसं वाटलं, एवढं लक्षात घे.

आपल्या नगरचेच ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक बघ. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, दोघांची ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळंओवळं चालूच होतं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, मधे पाच वर्षं. टिळक स्वभावानं तापट होते, आणि तरीही घरात वाट पाहिली. आपण दारात पाच मिनिटं थांबत नाही.

आता माझं. तुझ्या आत्यानं मंडळीबाहेर लग्न ठरवलं तेव्हा मी तिला चार पानी पत्र लिहिलं. विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जोडी नको हे वचन, त्याच्या मागेपुढे आणखी सात-आठ. लग्नाला गेलो नाही. त्या पत्रातलं एकही वचन मी आजही खोटं म्हणणार नाही, पण त्यात "तू कशी आहेस" हे कुठेच नव्हतं. त्यानंतर ती आपल्या घरात आली ती आजीच्या दफनाला. मधली अकरा नाताळं गेली. पत्र तिनं जपून ठेवलंय, हे तिनंच मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही, असं प्रभू म्हणाला. तेव्हा तुला उपदेश करतोय तो मुसळवाल्या डोळ्यानं, हे मला कळतं.

तुझ्या पुण्याच्या संगतीत वचन मनापासून शिकवतात, ते मला आवडतं. सोडू नकोस. मला नैवेद्य खाणारा मुलगा नकोय, आजीचा नातू हवाय.

वाटी तुझ्या आईनं घासून ओट्याच्या वरच्या फळीवर पालथी घातली आहे. ती परत करायला निघाली होती, मी थांबवलं. काकूंना सांगितलं, तो दसऱ्याला येईल तेव्हा स्वतः आणून देईल. त्या म्हणाल्या, "येऊ दे. अजून बारीक झालाय का हो?" रिकामी वाटी द्यायची नसते. त्यात काय घालायचं ते तूच ठरव. काय बोलायचं तेही.

तुझा
पप्पा