वेलावर फुले आहेत, मधमाश्या नाहीत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितले की भोपळ्याच्या वेलाला फुले भरपूर येतात, पण बोटाच्या पेराएवढे फळ दिसते न दिसते तोच ते पिवळे पडून गळून जाते, आणि म्हणून तुम्ही खताची मात्रा वाढवली आहे. तेव्हा मी नुसतेच ‘हं, हं’ करत राहिले, कारण गॅसवरचे दूध उतू जात होते. पण तुम्ही पाठवलेली छायाचित्रे नंतर मोठी करून पाहिली आणि लक्षात आले की वेल मुळीच उपाशी नाही. पाने गर्द हिरवी आहेत, शेंडे जोमदार आहेत, फुले टपोरी आहेत. नाही ती एकच गोष्ट: सातही छायाचित्रांत एकाही फुलावर मधमाशी बसलेली नाही.

भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि मादी फुलाच्या बुडाशी असलेला चिमुकला भोपळा परागकण मिळण्याच्या आधीपासूनच तिथे असतो, त्यामुळे आपली फसगत होते; फळ धरले असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ते अजून धरायचे असते. या फुलाचे परागकण जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. कोणीतरी अंगाला माखून ते नेऊन पोहोचवावे लागतात, तेही एकदा नव्हे, अनेक फेऱ्यांत. शिवाय फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे सारा व्यवहार सकाळच्या काही तासांतच उरकायचा असतो. आणि नेमके त्याच वेळी, आंघोळीच्या आधी, तुम्ही फवारणीचा पंप घेऊन बागेत फिरता.

ती सकाळची फवारणी बंद करावी, एवढीच माझी खरी विनंती आहे. बाकीचे सारे त्यानंतरचे. माव्यासाठी पाण्याचा जोराचा फवारा पानाच्या खालच्या बाजूने मारला तरी बराचसा मावा झडून पडतो. बाटलीवर ‘नैसर्गिक’ असे लिहिले आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, हे मला ठाऊक आहे. परंतु पायरेथ्रिन नावाचे कीटकनाशकदेखील फुलांपासूनच काढतात, आणि तरीही मधमाशीला ते विषच असते.

आई, आता थोडे तुझ्याकडे वळते. कोथिंबिरीला तुरे आले की ती ‘गेली’ असे म्हणून तू उपटून टाकतेस. या वेळी एक कुंडी तशीच राहू दे. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर किती प्रकारचे किडे येतात, ते एकदा खुर्ची टाकून पाहा. छोट्या तोंडाच्या माश्यांना खोल फुलांपेक्षा अशी उघडी, उथळ फुलेच सोयीची पडतात. रोपे विकत घेताना दुहेरी पाकळ्यांची भरगच्च फुले टाळ, कारण पुष्कळदा त्यांतले पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात आणि माशीला तिथे हाती काहीच लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुला आवडणार नाही: कुंपणाच्या कडेचा हातभर जमिनीचा तुकडा झाडल्याशिवाय, फरशी न घालता, उघडा ठेवायचा आहे. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती पोळे करून राहतच नाहीत. एकेकटी मादी जमिनीत बीळ खोदून, त्यात परागाचा गोळा ठेवून, त्यावर अंडे घालते. राखण करायला पोळे नसल्यामुळे अशा माश्या आपण होऊन अंगावर येत नाहीत, तेव्हा तुझी भीती थोडी कमी व्हायला हरकत नाही. मात्र मोठे पोळे घराला लागून दिसले, तर बाबांनी काठी घेऊन शौर्य दाखवू नये, जाणकार माणसाला बोलवावे.

मधमाश्यांसाठी पाणी ठेवायचे ते पसरट थाळीत, आणि त्यात पाण्यावर डोकी निघतील एवढे खडे घालून. हे मी अनुभवाने सांगते. मी मोठ्या उत्साहाने खोल वाडगा भरून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यात तीन मधमाश्या तरंगत होत्या. फार वाईट वाटले. पाणी रोज बदलावे, म्हणजे डासांची सोय होणार नाही.

तुमच्या टोमॅटोचे गणित थोडे वेगळे आहे. त्याचे परागकण मिठाच्या डबीतल्यासारखे बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. भुंगा फुलाला घट्ट बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही. म्हणून काळा भुंगा आला की त्याला हाकलू नका.

परवा आईने मध खाली साखरेसारखा बसला म्हणून भेसळीचा समजून ओतून दिला, हे ऐकून मी हळहळले. ग्लुकोज जास्त असलेला मध असा रवाळ होतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. एक कामकरी माशी आयुष्यभरात चमच्याच्या बाराव्या भागाएवढाच मध जमवते असे म्हणतात, तेव्हा तो मोरीत जाऊ नये. तो बागेतही ठेवू नका, कारण एका पोळ्यातल्या रोगाचे जंतू मधातून दुसऱ्या पोळ्यात जाऊ शकतात.

त्यापेक्षा मी हल्ली करते तो खाऊ करून पाहा. एक वाटी बदाम, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया आणि पाव वाटी तीळ मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. तीळ तडतडू लागले की लगेच उतरवावेत, नाहीतर कडवट होतात. सगळे पूर्ण गार होऊ द्यावे. इथे आईची घाई चालणार नाही, कारण गरम बदाम मिक्सरमध्ये घातले की तेल सुटून लगदा होतो. थांबून थांबून जाडसर फिरवावे, चिमूटभर मीठ घालावे, आणि मग एकेक चमचा मध घालत कालवावे. साधारण चार मोठे चमचे लागतात, पण खरी खूण हाताची: मूठ दाबली की मिश्रणाने आकार धरावा आणि तळव्याला चिकटू नये. मध चुलीवर चढवायचा नाही, त्याचा वास उडून जातो. सुपारीएवढ्या गोळ्या वळून तासभर फ्रिजमध्ये ठेवल्या की घट्ट बसतात. बाबा, मध हीसुद्धा साखरच आहे, तेव्हा तुमच्या वाट्याला दिवसाला एकच. आणि आम्ही आल्यावर छोटीला मात्र बोटभरही चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

मधमाश्या परत यायला थोडे दिवस लागतील. तोवर उद्या सकाळी लवकर एक ताजे नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. ज्या फुलांना असे केले, त्यांच्या देठाला सैलसर दोरा बांधून ठेवा, आणि आठ दिवसांनी दोऱ्याची किती फळे टिकली व बिनदोऱ्याची किती, ते मोजून मला कळवा.

तुमची लेक