बंपर सर्व्हेअरसमोरच उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊस हंगामात सांगली-आष्टा रस्त्यावर ट्रॉलीला घासून किंवा धडकून बंपर फुटलेल्या गाड्या गॅरेजमध्ये रांगेने दिसतात. नुकसान दहा-बारा हजारांचं, पण विम्याच्या क्लेमचा वाद महिनाभर चालतो. बहुतेक वेळा त्याचं मूळ पहिल्या दिवसाच्या घाईत असतं.

बाहेरून बंपरला नुसती चीर दिसते. आत ब्रॅकेट वाकलेलं असतं, क्लिपा तुटलेल्या असतात, हेडलाइटचा कान मोडलेला असतो. सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला माणूस, बंपर न उतरवता फोटो काढून गेला, तर यातलं काहीच अहवालात येत नाही आणि पुढे ‘जुनं नुकसान’ म्हणून कापलं जातं. म्हणून आधी विमा कंपनीला कळवावं आणि बंपर सर्व्हेअरसमोरच उतरवावा. नंतर काही सापडलं, तर नवा भाग बसवण्याआधी पुरवणी इस्टिमेट देऊन फेरतपासणी मागावी. मोडके भाग क्लेम मिटेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नयेत.

क्लेम करावाच का, हा हिशेबही कागदावर मांडून बघा. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. बंपर ६,००० चा असेल तर ३,००० गेले. पेंटिंगचं बिल ४,००० असेल तर त्याचा चौथा हिस्सा रंगाचा धरून त्यातले निम्मे, म्हणजे ५०० जातात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,००० रुपये. लेबर १,५०० धरलं, तर जीएसटी सोडून ११,५०० च्या बिलातले ७,००० हाती येतात. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर! गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२,००० असेल आणि पुढच्या वर्षी ५० टक्के सूट मिळणार असेल, तर ६,००० तिथेच गेले. त्यापुढच्या वर्षी सूट ५० ऐवजी पुन्हा २० टक्क्यांपासून, म्हणजे आणखी ३,६०० चा फटका. एवढ्यासाठी क्लेम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा हिशेब कंपन्यांनी क्लेम फॉर्मवरच्या सहीआधीच ग्राहकाला मराठीत द्यायला हवा.

रक्कम पटली नाही, तर ‘संपूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. सर्व्हे अहवालाची प्रत मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली